दुर्ग आणि दोर



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. रोपवेवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. शिवाय केडगावात रोपवे नाही, आणि रोपवे न्यावा असा डोंगरही नाही. आपली रेणुकामाता सपाटीवरच बसली आहे, तिनं भक्तांच्या गुडघ्यांचा आधीच विचार केलेला दिसतो. (आणि हे केडगाव नगरचं बरं का, दौंडजवळचं नव्हे. ऑनलाइन ऐकणाऱ्यांचा दर वेळी घोटाळा होतो, म्हणून सांगून टाकतो.)

पण तत्त्वज्ञानाच्या माणसाचं आणि दोराचं नातं जुनं आहे. वेदान्त शिकवायला उभं राहिलं की पहिला दृष्टान्त रज्जू-सर्पाचाच. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला ती साप वाटते. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात तो साप काढला आणि घालवला. रोपवेला सरकारी मराठीत 'रज्जुमार्ग' म्हणतात हे पहिल्यांदा पाटीवर वाचलं तेव्हा हसू आलं. म्हटलं, इथं तर भ्रम उलटा आहे: दोर खरा आहे आणि माणसं त्याच्याकडे सापाकडे पाहावं तसं बघतायत.

तर आज रायगडाच्या रोपवेबद्दल बोलू. महाराष्ट्रात डोंगरावर दोरावरून जायचं म्हटलं की पहिलं नाव तेच येतं.

सुरुवात शब्दापासून करू. दुर्ग म्हणजे काय? 'दुर्' अधिक 'गम्'. जिथं जाणं कठीण, तो दुर्ग. म्हणजे चढता येऊ नये हाच त्या जागेचा धर्म. तिजोरीला जसं कुलूप, तसा गडाला कडा. आता अशा जागी आपण चार-पाच मिनिटांत, चहाचा घोट न सांडता पोचायची सोय केली. ही सोय चांगली की वाईट, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी ही केवढी उलटापालट आहे ते बघा.

सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर सतराएक वर्षांनी लिहिली गेली. तीत रायरीचा डोंगर महाराजांनी पाहिला तेव्हाचं वर्णन आहे. कडे तासल्यासारखे, त्यांवर गवतसुद्धा उगवत नाही, धोंडा एकसंध. आणि लगेच तुलना येते ती आपल्या बाजूच्या दौलताबादशी: तो गड उत्तम खरा, पण उंचीला कमी. आपण नगरकरांनी हे वाक्य लक्षात ठेवायला हवं. देवगिरी-दौलताबाद हा मराठी मुलुखाचा तोवरचा मोठा मापदंड होता, यादवांचा आणि पुढे निजामशाहीचाही. नवी राजधानी निवडताना तो डोळ्यापुढे होता, आणि निकष ठरला उंचीचा, चढायच्या अवघडपणाचा.

रायरी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून घेतली. पुढे हिरोजी इंदुलकरांनी बांधकाम केलं. मे १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकासाठी आला. तो आधी खाली पाचाडला थांबला आणि मग वर गेला. त्यानं लिहून ठेवलं आहे की या गडाला माणसाच्या कलेपेक्षा निसर्गानंच जास्त मजबूत केलं आहे, आणि वर जायला वाट एकच. वकील होता, पण नजर सैनिकाची होती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गडाजवळ तोफेच्या माऱ्यात दुसरा डोंगर असू नये. असलाच तर तो फोडावा, नाहीतर तटबंदीनं गडातच घ्यावा. आणि ते झालं नाही की काय होतं, हे रायगडानंच दाखवलं. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेनं शेजारच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि तिथून गड भाजून काढला. वर दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई होत्या. १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. त्या आगीत वाडे जळाले. आज आपण जे चौथरे बघतो, त्यांवर लाकडी इमारती उभ्या होत्या हे मुलांना पटवावं लागतं.

त्यानंतर रायगड खऱ्या अर्थानं दुर्गम झाला, कारण तिथं जायचं कुणाला काही कामच उरलं नाही. महात्मा फुल्यांनी १८६९ च्या सुमारास तिथं जाऊन समाधीचा शोध घेतला. जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजानं १८८३ मध्ये समाधीची दुरवस्था छापून सांगितली. मग १८९५ मध्ये टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात सभा झाली, निधी उभा राहिला, आणि एप्रिल १८९६ मध्ये गडावर पहिला उत्सव झाला. म्हणजे गडाचा दुसरा जन्म झाला तो तीर्थ म्हणून. किल्ला लोकांना अडवतो, तीर्थ लोकांना बोलावतं. रोपवेची खरी पायाभरणी आमच्या मते तिथं झाली, शंभर वर्षं आधी. एकदा लोकांनी यावं असं ठरलं, की वाट सोपी करण्याची मागणी येणारच.

आता दोराकडे वळू.

दोरानं डोंगर चढणं मराठी माणसाला शिकवायला नको. ४ फेब्रुवारी १६७० ची कोंढाण्याची रात्र घ्या. तानाजीचे मावळे दोरावरून कडा चढले. घोरपडीची गोष्ट खरी की खोटी हा वाद इतिहासकारांनी घालावा. आम्हाला त्या कथेतला दुसरा दोर महत्त्वाचा वाटतो. तानाजी पडला, माणसं मागे फिरू लागली, तेव्हा सूर्याजीनं दोर कापले असं सांगतात. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. म्हणजे आपल्या स्मृतीत दोर ही जायची वाट आहे, आणि पळून यायचीही.

युरोपात या कल्पनेला यंत्राचं रूप मिळालं, तेही गमतीची गोष्ट म्हणजे किल्ल्याच्याच कामावर. १६४४ मध्ये डान्झिग शहरात अ‍ॅडम वीबे नावाच्या डच अभियंत्याला बुरूज बांधायला माती हवी होती. माती पलीकडच्या टेकडीवर. त्यानं टेकडीपासून बुरुजापर्यंत खांबांवरून फिरता दोर ताणला, त्याला बादल्या टांगल्या, भरलेल्या इकडे येतात, रिकाम्या तिकडे जातात. त्याच दशकात इकडे पुणे जहागिरीत एक तरुण मुलगा डोंगरी किल्ल्यांकडे बघू लागला होता. दोन्हीकडे किल्लाच, तिकडे दोर माती वाहत होता, इकडे मातीतली माणसं डोक्यावर धोंडे वाहत होती.

पण तागाचा दोर कुजतो, आणि लोखंडाची साखळी एका कडीत तुटली की सगळीच तुटते. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींत हेच होत होतं. १८३४ मध्ये विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्यानं लोखंडी तारा पिळून दोर केला: चार तारांचा एक पेड, असे तीन पेड. एखादी तार तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात, आणि तुटलेली तार वर डोकावते, म्हणजे आधी सूचनाही देते. आमच्या विषयातल्या विट्गेन्श्टाइननं पुढे हीच गोष्ट विचाराबद्दल सांगितली: धाग्याची ताकद एखादा तंतू टोकापासून टोकापर्यंत जातो यात नसते, अनेक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात यात असते. असो. तो तारेचा दोर आला नसता तर रिओचा शुगरलोफ (१९१२) नाही, केपटाउनचा टेबल माउंटन (१९२९) नाही, आणि आपला रायगडही नाही. पहिल्या महायुद्धात आल्प्सच्या बर्फात इटली आणि ऑस्ट्रिया दोघांनी असे दोर ताणले होते. वर दारूगोळा आणि भाकरी जायची, खाली जखमी यायचे. आपल्याकडे मुन्नारच्या टॉप स्टेशनवरून चहाच्या पेट्या अशाच खाली उतरत. माणसाआधी माल गेला, हा सगळीकडचाच क्रम.

हे यंत्र समजायला आपल्याला आल्प्सला जायचं कारण नाही. इथं सत्तरीच्या पुढचे जे बसलेत त्यांनी मोट पाहिली आहे. बैल धावेवरून उताराला चालतात, म्हणजे त्यांचं वजनही ओढायला मदत करतं, नाडा ताणला जातो, चाकावरून फिरतो आणि विहिरीतून मोट वर येते. रायगडच्या जातीच्या रोपवेत तेच तत्त्व, फक्त बैलाच्या जागी दुसरा डबा. दोन बाजू एकाच ओढदोराला बांधलेल्या. एक खाली येते तेव्हा तिचं वजन दुसरीला वर जायला मदत करतं. मोटरला उचलावं लागतं ते दोन्हींतल्या वजनाचा फरक आणि घर्षण, एवढंच. म्हणून उतरणारी मंडळी चढणाऱ्यांचं ओझं वाहत असतात. मधोमध दोन्ही बाजू एकमेकींजवळून जातात, तेव्हा लोक हात हलवतात. त्यांना माहीत नसतं, पण आभार मानायला हरकत नाही.

रायगडचा रोपवे १९९६ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या जोग इंजिनिअरिंगनं तो बांधला. लांबी साधारण ७५० मीटर, चढ ४०० मीटरच्या आसपास. पायथ्याचं ठाणं आहे हिरकणीवाडीला.

हिरकणीवाडी! या नावापाशी थोडं थांबलंच पाहिजे. हिरकणीची कथा तुम्हाला सांगायला नको. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती बाई कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथं बुरूज बांधला. आता दस्तऐवजाच्या कसोटीवर ही कथा उभी राहणार नाही, हे मान्य. पण कथेच्या पोटात एक कठोर गोष्ट आहे, ती सहसा कुणी बोलत नाही. तिनं कडा उतरला म्हणून तिचं कौतुक झालं, आणि लगेच तिथं बुरूज बांधला, म्हणजे ती वाट बंद केली. दुर्गाचा धर्म पाळला गेला. आज त्याच नावाच्या वाडीतून डबे वर जातात. आमच्या घरात त्या डब्याला पाळणाच म्हणतात. पाळण्यातल्या बाळासाठी ती उतरली, आणि आता तिच्या वाडीचाच पाळणा झाला.

आम्ही पहिल्यांदा रायगड चढलो तो १९७४ मध्ये, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा. तेव्हा विशीत होतो. पाचाड, चित्त दरवाजा, खूबलढा बुरूज, मग पायऱ्या. दम लागतो तिथं थांबायचं, कुणीतरी बाई मडक्यातलं ताक देते, पुन्हा चालायचं. महादरवाजा अखेरपर्यंत दिसत नाही. दोन अजस्र बुरूज, साठ-सत्तर फुटांचे, त्यांच्यामध्ये वाट वळते आणि एकदम दार समोर येतं. आणि आलो आलो म्हणावं तर माथा अजून सहाएकशे फूट वर! शत्रूची काय अवस्था होत असेल हे तेव्हा पोटऱ्यांनी समजावलं.

पुढे रोपवे झाल्यावर गेलो तेव्हा बरोबर ज्येष्ठांचा गट होता. केडगावाहून पहाटे निघालेलो. वर उतरलो, थोडं चाललो, आणि समोर मेणा दरवाजा. त्यातून आत गेलं की थेट राणीवशाचे चौथरे. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलं, "हे काय, आपण आतल्या घरातच आलो?" बाई अगदी बरोबर बोलल्या. पायऱ्यांनी येणारा माणूस गडाकडे येतो तो शत्रूसारखा किंवा वकिलासारखा: आधी पहारा, मग महादरवाजा, मग तलाव, शेवटी सदर. रोपवेनं येणारा एकदम माजघरात उतरतो. त्याला राज्याचं वैभव दिसतं, पण राज्य टिकवायला काय लागलं ते दिसत नाही. हिरोजींनी जो गड बांधला त्यातला निम्मा गड म्हणजे ती वाट होती. हा आमचा रोपवेवरचा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो श्रद्धेचा नाही, इतिहास वाचण्याचा आहे.

लोक सहसा घेतात तो आक्षेप वेगळा असतो: कष्टाशिवाय दर्शन म्हणजे काय दर्शन? "पायी चढलास तरच मावळा." हा मात्र आम्हाला पटत नाही.

आपल्या परंपरेत मार्गाचे दोन प्रकार सांगतात, पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग. मुंगी फांदीफांदीनं, सावकाश फळापाशी जाते. पक्षी एका झेपेत. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्या तिसऱ्या अध्यायात हा दृष्टान्त आहे. तिथं मुंगीऐवजी माणूस आहे, तो एकेक फांदी धरत जातो. ज्ञानदेव पक्ष्याला दोष देत नाहीत. ज्याला पंख आहेत त्यानं उडावं, ज्याला नाहीत त्यानं फांद्या धराव्यात, फळ दोघांना मिळतं. ज्याचा त्याचा अधिकार. आता गंमत बघा. रोपवेत पंख कोणाला मिळतात? ज्याचे पाय चालत नाहीत त्याला. अधिकाराची उतरंडच उलटी झाली. आमच्या गटातल्या दोघींच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, एकाला चाकाच्या खुर्चीतून नेलेलं. ते महाराजांच्या समाधीपाशी गेले नसते तर इतिहासाचं काय भलं झालं असतं?

आणि 'पूर्वी सगळे कष्टानं चढत' हे तर धडधडीत खोटं आहे. मेणा दरवाजा नावच सांगतं. राजस्त्रिया मेण्यातून जात. मेणा वाहणारा भोई कष्टानं चढे, आत बसलेली व्यक्ती नव्हे. जिजाऊ आऊसाहेबांना गडावरची थंड हवा मानवेना म्हणून पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला असं सांगतात. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, त्या तिथंच गेल्या. म्हातारपण आणि उंच गड यांचा मेळ बसत नाही, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. फरक एवढाच, की तेव्हा उतारा होता तो दुसऱ्याच्या खांद्याचा, आणि तो सगळ्यांना मिळत नसे. रोपवे म्हणजे तिकीट काढील त्याचा मेणा.

डिसेंबर २०२१ मधली घटना आठवत असेल. राष्ट्रपती रामनाथ कोविंद रायगडावर येणार होते. हेलिकॉप्टर गडावरच उतरवायचं ठरत होतं. त्याला शिवभक्तांनी विरोध केला, कारण पंख्याच्या वाऱ्यानं उडणारी धूळ महाराजांच्या पुतळ्यावर जाते. मग हेलिकॉप्टर पाचाडला उतरलं आणि राष्ट्रपती रोपवेनं वर गेले. कष्ट न करता वर जाण्यालाही मर्यादा असते, आणि ती कुठं आखायची हे लोकांनी त्या दिवशी ठरवलं. आकाशातून उतरणं चालणार नाही, दोरावरून येणं चालेल. असा निर्णय कुठल्या स्मृतिग्रंथात सापडणार नाही, पण तो आम्हाला योग्य वाटला.

राहिला भोई. त्याच्याबद्दल बोलायला वेळ थोडा उरलाय, पण टाळणार नाही. गिरनारला आपल्याकडचे दत्तभक्त मोठ्या संख्येनं जातात, त्यांना माहीत आहे: तिथं डोलीवाले माणसाचं वजन करून भाडं सांगत. २४ ऑक्टोबर २०२० ला तिथं सव्वादोन-अडीच किलोमीटरचा रोपवे सुरू झाला, अंबामातेच्या मंदिरापर्यंत. दत्तशिखराला पुढे पायऱ्या आहेतच, त्यामुळे डोली पूर्ण संपली नाही. वैष्णोदेवीला मात्र २०२४ च्या अखेरीस रोपवेविरुद्ध कटऱ्यात बंद पाळला गेला. घोडेवाले, पालखीवाले, दुकानदार रस्त्यावर आले. खांद्यावरचं ओझं उतरवलं म्हणून ज्याचा खांदा आहे तो रडतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण त्याला ओझ्याबरोबर भाकरीही मिळत होती. रायगडाच्या पायऱ्यांवर ताक विकणाऱ्या बाईचं आणि गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या धनगर कुटुंबांचं गणितही रोपवेनं बदललं. वर येणारे वाढले, वाटेत थांबणारे कमी झाले. दह्याचं मडकं ज्यांनी पायथ्याला किंवा माथ्यावर हलवलं ते तगले.

२०२२ च्या अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' योजना आली आणि आता सगळीकडे दोर ताणायची घाई आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झारखंडच्या त्रिकूट डोंगरावर डबे अधांतरी अडकले. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी लोकांना काढलं, तिघांचे जीव गेले. त्र्यंबकला अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या रोपवेवरून वाद आहे, तो गिधाडांच्या घरट्यांचा. म्हणजे खऱ्या विहंगमांनीच हरकत घेतलीय. तिथं आमचं मत स्पष्ट आहे: ब्रह्मगिरीला दोर नको. रायगडाला होता तो बरा. प्रत्येक डोंगराचा निवाडा वेगळा करावा लागेल, आणि तो करताना गिधाडं, भोई, गुडघे आणि पायवाट, चारही मोजावी लागतील.

रायगडाला जाणार असाल तर एक करा. ज्यांचे पाय चालतात त्यांनी रोपवेनं वर जाऊन पायऱ्यांनी उतरावं. महादरवाजा आतून बाहेर जाताना दिसेल, म्हणजे पहारेकऱ्याच्या बाजूनं. बाहेर पडल्यावर वीस पावलं उतरून मागे वळून बघा. दार नाहीसं झालेलं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.